आमेरच्या आरशांपुढे साधा कॅमेरा

मराठी पर्यटकाला आमेर परके वाटत नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहासाठी शिवाजी महाराज ज्यांना भेटले, ते मिर्झाराजे जयसिंह याच आमेरचे. आणि पुढील वर्षी आग्र्यात महाराजांसाठी बादशहाकडे जामीन राहिलेला रामसिंह हा त्यांचा पुत्र. (जामीनदाराची जोखीम काय असते, हे बँकेच्या ग्राहकांना वेगळे सांगायला नको.) जयपूरपासून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या या डोंगरावर राजा मानसिंहांनी १५९२ मध्ये राजवाड्याचे काम आरंभिले आणि मिर्झाराजांनी त्यात मोलाची भर घातली. आरशाच्या असंख्य तुकड्यांनी मढविलेला जयमंदिर अर्थात शीशमहाल ही त्यांच्या काळातील निर्मिती. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यातही आमेर आहे. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातून कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जातात, मनसोक्त छायाचित्रे काढतात आणि घरी आल्यावर पाहतात तो काय, शीशमहालाच्या जागी फ्लॅशचा एक पांढरा ठिपका आणि भोवती काळोख!

हा दोष बहुधा छायाचित्र काढणाऱ्याचा नसतो, तर कॅमेरा निवडताना लावलेल्या निकषाचा असतो. साधा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती मेगापिक्सेलचा?’ वस्तुतः पहिला प्रश्न असावयास हवा तो ‘अंधाऱ्या जागी हा काय करतो?’ आणि आजच्या काळात त्याला जोडून दुसराही प्रश्न विचारावा लागतो: खिशात फोन असताना या कॅमेऱ्याची गरज आहे का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही कुटुंबांपुरते ‘होय’ असे आहे. पण त्याचे कारण दुकानदार सांगतो ते नव्हे.

आधी मेगापिक्सेलचा हिशोब पाहू, कारण तो साध्या गुणाकाराचा आहे. सहा बाय चार इंचांचे छायाचित्र उत्तम प्रतीचे छापण्यासाठी एका इंचात तीनशे बिंदू धरले तर १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख बिंदू पुरतात. याचाच अर्थ दोन मेगापिक्सेलांपेक्षा किंचित अधिक. घरातील ‘फोर-के’ दूरदर्शन संचाच्या पडद्यावर एकूण बिंदू असतात सुमारे त्र्याऐंशी लाख. तेव्हा सोळा आणि वीस मेगापिक्सेल या दोन कॅमेऱ्यांतील फरकासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे वापरात न येणाऱ्या लॉकरचे भाडे भरण्यासारखे आहे.

खरी मेख आहे ती प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकारात. बहुतेक साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘१/२.३ इंच’ असे लिहिलेले असते. हे माप शब्दशः खरे नाही, जुन्या काळच्या नळ्यांवरून आलेली ती एक परिभाषा आहे. प्रत्यक्षात हा सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम अठ्ठावीस चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ एकशे सोळा चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. अंगणात ठेवलेल्या वाटीत आणि परातीत एकाच पावसाचे किती पाणी साचेल, एवढाच हा प्रश्न आहे. भर उन्हात, मावठा तलावाच्या काठावरून वर दिसणाऱ्या राजवाड्याचे छायाचित्र घेताना वाटीही भरून वाहते. तेथे कोणताही कॅमेरा चालतो. शीशमहालाच्या सावलीत मात्र वाटी रिकामी राहते. मग कॅमेरा आपली संवेदनक्षमता कृत्रिमरीत्या वाढवतो आणि चित्रावर रवा पसरल्यासारखे कण दिसू लागतात, किंवा तो फ्लॅश उडवतो. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा पल्ला दोन-तीन मीटरचा. शिवाय आरसे तो प्रकाश परत कॅमेऱ्यावरच फेकतात. म्हणून तेथे फ्लॅश बंद करणे हा पहिला उपाय, आणि हात किंचित हलला तरी चित्र हलू न देणारी स्थिरीकरणाची सोय कॅमेऱ्यात असणे हा दुसरा. ही सोय भिंगात किंवा सेन्सरमध्ये प्रत्यक्ष यंत्रणेने बसविलेली असावी. केवळ संगणकीय करामतीने ‘स्थिर’ करणारे कॅमेरेही स्वस्तात मिळतात, त्यांचा येथे उपयोग नाही.

भिंगाच्या भोवती लिहिलेला ‘एफ’चा आकडाही वाचावयास शिकले पाहिजे. तो जितका लहान तितके भिंग अधिक प्रकाश आत घेते. एफ २ चे भिंग एफ ३.३ च्या भिंगापेक्षा पावणेतीनपट प्रकाश देते. झूम पूर्ण ताणला की हा आकडा वाढत जातो. पॅनासॉनिकच्या २०२५ मधील टीझेड ९९ या तीसपट झूमच्या कॅमेऱ्यात तो ३.३ वरून ६.४ वर जातो, म्हणजे प्रकाश जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. लांबचे दृश्य जवळ आणण्याची ही किंमत आहे आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही.

आता फोनची गोष्ट. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठविले गेले, त्यांत बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये कॉम्पॅक्टची संख्या सतरा लाखांच्या आसपास उरली. २०२४ मध्ये ती थोडी सावरली, कारण तरुण पिढीला पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतील खडबडीत गोडवा आवडू लागला आहे. हौसेला मोल नसते हे खरे. पण कुटुंबाच्या खर्चाचा विचार करताना वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येत नाही. मध्यम किमतीच्या अनेक फोनमधील मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज साध्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरहून मोठा असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. परिणामी शीशमहालात तीन-चार वर्षांपूर्वीचा बरा फोन हा नव्या स्वस्त कॉम्पॅक्टला मागे टाकतो. केवळ चांगल्या चित्रासाठी साधा कॅमेरा घ्या, असे फोन असलेल्या माणसाला सांगणे आज प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

तरीही कॅमेरा वेगळा असावा, याचे कारण फोनमध्ये कॅमेऱ्याखेरीज जे काही आहे ते आहे. ‘यूपीआय’ एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले आणि पाहता पाहता फोन हे ग्राहकाचे पाकीट, पासबुक आणि ओळखपत्र झाले. त्यात बँकेचे ॲप असते, संदेशात येणारा ओटीपी असतो, आणि सोयीसाठी काढून ठेवलेली आधार, पॅन व डेबिट कार्डाची छायाचित्रेही असतात. हाच फोन आमेरच्या गर्दीत दिवसभर हातात उघडा असतो. ‘आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?’ म्हणून तो अनोळखी माणसाच्या हाती दिला जातो. आरशांतील प्रतिबिंबांच्या गमती टिपून देण्यासाठी मार्गदर्शक तो आपणहून मागतात. त्यांतील बहुतेक सज्जन असतात यात शंका नाही, पण खिशातील पाकीट उघडून कोणी त्यांच्या हाती देत नाही. फोन मात्र देतो. यूपीआयचा पिन ठाऊक नसेल तर पैसे जाणार नाहीत, हे समाधान अर्धवट आहे. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याची मुदत आणि ओटीपी यांच्या आधारे पिन नव्याने ठेवता येतो, आणि या तिन्ही गोष्टी त्याच फोनमध्ये असू शकतात.

ज्यांना फोनच वापरावयाचा आहे त्यांनी निदान तो कुलूपबंद ठेवून, कुलपाच्या पडद्यावरूनच कॅमेरा उघडून द्यावा. बहुतेक फोनमध्ये ही सोय असते आणि तशा स्थितीत केवळ छायाचित्रे घेता येतात. कार्डांची छायाचित्रे प्रवासापूर्वीच पुसून टाकावीत. फोन हरवलाच तर सिम बंद करणे, बँकेला कळविणे आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविणे, या तीन गोष्टी हॉटेलवर परतेपर्यंत लांबवू नयेत. आणि एक अगदी व्यावहारिक अडचण: सकाळपासून चित्रे व चलतचित्रे घेऊन दुपारी तीनलाच फोनची बॅटरी संपली, तर परतीची टॅक्सी, जेवणाचे बिल आणि रेल्वेचे तिकीट हे सारे त्याच बंद पडलेल्या पडद्यामागे अडकते.

साध्या कॅमेऱ्यात चित्रांशिवाय काहीच नसते. तो अनोळखी माणसाच्या हाती निर्धास्त देता येतो, दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात अडकवता येतो, आजोबांना त्यावर कोणतेही ॲप शिकवावे लागत नाही. हरवला तर नुकसान कॅमेऱ्याच्या किमतीचे आणि त्या दिवसाच्या चित्रांचे, खात्यातील शिलकेचे नव्हे. अशा कुटुंबासाठी कॉम्पॅक्ट ही चैन म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी दोन फोन आहेत आणि जुन्या फोनमध्ये सिमच नाही, त्याने मात्र तोच जुना फोन कॅमेरा म्हणून न्यावा, त्यातून बँकेची ॲप काढून टाकावीत आणि पैसे वाचवावेत. हा सल्ला कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणार नाही.

एवढे करूनही कॅमेरा घ्यावयाचे ठरले तर फोनला जे नीट जमत नाही ते त्याला जमले पाहिजे, आणि ते म्हणजे भिंगाचा खरा झूम. ‘ऑप्टिकल’ आणि ‘डिजिटल’ हे दोन शब्द खोक्यावर शेजारी शेजारी छापलेले असतात. पहिल्यात भिंग प्रत्यक्ष पुढे सरकते; दुसऱ्यात आहे तेच चित्र कापून मोठे करून दाखवले जाते. डिजिटल झूमचा आकडा हिशोबात धरूच नये. राजवाड्याच्या सज्जातून खाली मावठा तलावातील केसर क्यारीची भौमितिक वाफ्यांची बाग दिसते, वर जयगडाची तटबंदी दिसते. तेथे दहा-बारापट ऑप्टिकल झूम सार्थकी लागतो. कोडॅक पिक्सप्रो एफझेड ५५ सारख्या अगदी साध्या कॅमेऱ्यात तो पाचपट असतो. (या कॅमेऱ्यावर नाव कोडॅकचे असले तरी मूळ कोडॅक कंपनीने २०१२ मध्येच डिजिटल कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला, आता ते नाव परवान्याने वापरले जाते.) चांगला सेन्सर आणि झूम दोन्ही हवे असतील तर एक इंची सेन्सरच्या, सोनीच्या आरएक्स १०० मालिकेसारख्या कॅमेऱ्यांकडे वळावे लागते, पण मग ‘साधा’ हा शब्द सोडून द्यावा लागतो आणि किंमतही कित्येक पटींनी चढते.

झूमइतकेच महत्त्व दुसऱ्या टोकाला आहे. पन्ना मीना कुंडाच्या काठावर उभे राहिले की समोर पायऱ्यांचे जाळे पसरते आणि मागे सरकावयास फारशी जागा नसते. भिंगाचा रुंद कोन पस्तीस मिलिमीटरपासून सुरू होत असेल तर निम्मे कुंड चित्राबाहेर राहते. चोवीस किंवा पंचवीसपासून सुरू होत असेल तर बरेचसे आत येते. शीशमहालातील एका खांबाच्या तळाशी संगमरवरात कोरलेले एक फूल आहे. हाताने त्याचा थोडा थोडा भाग झाकला की कधी माशाचे शेपूट, कधी नागाची फणा, कधी हत्तीची सोंड, कधी विंचू दिसतो. गर्दीत वाकून ते टिपण्यासाठी पाच-सात सेंटिमीटरवरून स्पष्ट चित्र घेणारी ‘मॅक्रो’ सोय लागते. राहता राहिला पडदा. स्वस्त कॉम्पॅक्टला डोळा लावून पाहण्याची खिडकी आता बहुधा नसतेच, आणि राजस्थानच्या दुपारी मागचा पडदा काळा ठिक्कर दिसतो. त्याचा प्रकाश वाढवता येतो की नाही, हे दुकानातून बाहेर उन्हात येऊन पाहावे.

जुन्या बाजारातून २००५ च्या सुमाराचा कॅमेरा स्वस्तात उचलणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना आहे. त्या काळातील अनेक कॅमेऱ्यांना दोन जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड कळत नाही. ‘एसडीएचसी’ हा प्रकार २००६ मध्ये आला. काही कॅमेऱ्यांना ‘एक्सडी’ किंवा ‘मेमरी स्टिक’ लागते आणि ती आज शोधावी लागतात. कार्ड व बॅटरी मिळेल की नाही याची खात्री झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. कॅननच्या त्या वेळच्या ए-मालिकेत नेहमीचे पेन्सिल सेल चालत, ही मात्र प्रवासात मोठीच सोय होती.

जयपूरशी छायाचित्रणाचा संबंध पर्यटकांच्या कितीतरी आधीचा आहे. १८३५ ते १८८० या काळात गादीवर असलेले महाराजा सवाई रामसिंह दुसरे, आग्र्याच्या रामसिंहाच्याच कछवाहा घराण्यातले, स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी अंधारात धुवावयाचे, अशी ती किचकट पद्धत होती. या पद्धतीने त्यांनी दरबारी, पाहुणे, इतकेच नव्हे तर जनान्यातील स्त्रियांचीही चित्रे घेतली, स्वतःचीही घेतली. त्यांच्या काचा जयपूरच्या सिटी पॅलेसमधील संग्रहालयात आजही आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या काचा उजेडासमोर धरल्या की चित्र दिसते. उलट २००५ मध्ये मुलाच्या मुंजीची चित्रे सीडीवर उतरवून घेतलेल्या किती घरांत आज ती सीडी वाचणारे यंत्र आहे? कॅमेऱ्याच्या किमतीत दोन खर्च आरंभीच धरावेत, असे म्हणावे लागते ते याचसाठी: एक, चित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळी हार्ड डिस्क आणि दोन, निवडक चाळीस-पन्नास चित्रे कागदावर छापून घेण्याचा खर्च. सहाशे चित्रे कार्डात पडून राहण्यापेक्षा पन्नास चित्रांचा अल्बम पाहुण्यांसमोर अधिक वेळा उघडला जातो.

खरेदीच्या व्यवहाराबद्दलही थोडे. ‘शून्य टक्के व्याज’ हे शब्द वाचून हप्त्यांवर कॅमेरा घेण्याचा मोह होतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते. म्हणून रोखीने किंमत किती आणि हप्त्यांची एकूण बेरीज किती, हे दोन आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावेत. सहलीचा खर्च आधीच झालेला असतो, त्यात हप्त्यांची भर नको. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे सांगणारा दुकानदार तेवढी रक्कम वाचवून ग्राहकाची हमी काढून घेत असतो. परदेशातून परस्पर आणलेल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती कंपनीचे भारतातील सेवा केंद्र नाकारू शकते. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक तेथेच तपासून घ्यावा.

दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर बाहेरच्या रस्त्याचे चित्र काढून पाहण्यात अर्थ नाही, तेथे सगळेच कॅमेरे सुंदर दिसतात. फ्लॅश बंद करावा, दुकानातील सर्वांत अंधारा कोपरा शोधावा, झूम अर्धा ताणून एखाद्या खोक्यावरील बारीक अक्षरांचे चित्र घ्यावे आणि पडद्यावर मोठे करून वाचता येते का ते पाहावे. तीच परीक्षा आपल्या फोनवर करून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत किती वेळ जातो, तेही मनात मोजावे. लहान मुले तेवढा वेळ थांबत नाहीत. जादा बॅटरी घेतली असेल तर ती विमानप्रवासात जवळच्या पिशवीतच ठेवावी लागते, सामानात चालत नाही. आमेरहून परतल्यावर कार्ड मुक्कामीच रिकामे करण्याची घाई करू नये. जादा कार्ड फार महाग नसते. घरी आल्यावर दोन ठिकाणी प्रती झाल्याची खात्री करावी, दोन-चार चित्रे उघडून पाहावीत, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच पुसावे.